न सुटणारी क्रँक पुली : सोलापुरातील एका घरगुती दुरुस्तीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

जुळे सोलापूर भागात राहणाऱ्या एका माध्यमिक शिक्षकांच्या घरासमोर ही दुरुस्ती झाली. त्यांच्या परवानगीने ती येथे मांडत आहे. माणसांची नावे आणि गाडीचे मॉडेल मुद्दाम दिलेले नाही. गाडी चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी, लहान आकाराची आणि बरीच जुनी होती, आणि तिच्या इंजिनात क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा) आणि कॅम (झडपा उघडणारा दांडा) यांच्या फिरण्याचा मेळ, म्हणजे टाइमिंग, राखायला साखळीऐवजी टाइमिंग बेल्ट होता, एवढे वाचकाला पुरेसे आहे. सर स्वतः विज्ञान शिकवतात. ऑईल बदलणे, ब्रेक पॅड बदलणे, प्लग साफ करणे ही कामे ते अनेक वर्षे घरीच करत आले आहेत. त्यांचा भाचा आयटीआयमधून फिटरचे प्रशिक्षण घेतलेला असून त्याच्याकडे गोटी पान्यांचा चांगला संच आहे.

टाइमिंग बेल्टची मुदत संपली होती आणि वॉटर पंपातून पाणी झिरपत होते. बेल्ट काढल्यावरच पंपापर्यंत हात पोहोचतो, म्हणून दोन्ही कामे उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदमच उरकायची असे ठरले. बेल्टचे झाकण काढण्याआधी क्रँकच्या टोकावरची पुली काढावी लागते. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या पायरीला एक ओळ दिलेली होती आणि सारे प्रकरण त्या एका ओळीत अडकले.

पंपाच्या गळतीचा इतिहास येथे महत्त्वाचा आहे. नळाला पाणी काही दिवसांआड येत असल्याने सोलापुरात अनेक घरांत बोअरचे पाणी वापरात असते, आणि ते जड असते. या गाडीच्या रेडिएटरमध्येही कूलंटऐवजी बराच काळ बोअरचेच पाणी भरले जात होते. पंपातून झिरपलेले हे पाणी नेमके पुलीच्या मध्यभागी टपकत राहिले. उजवे पुढचे चाक आणि त्यामागचे प्लास्टिकचे आच्छादन काढल्यावर पुलीच्या बॉसभोवती, म्हणजे क्रँकवर बसणाऱ्या तिच्या मधल्या भागाभोवती, क्षारांचा पांढरा थर आणि त्याखाली गंजाची तपकिरी कडा स्पष्ट दिसत होती. लोखंड गंजले की गंजाला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते. त्यामुळे मुळात अगदी नेमक्या मापाने बसणाऱ्या दोन भागांच्या फटीत गंज शिरला की तो पाचरीसारखा दोन्ही भाग आवळून धरतो. पुढे जे घडले त्याचे कारण या पांढऱ्या थरात दिसत होते, पण त्या वेळी कोणी त्याकडे कारण म्हणून पाहिले नाही.

पहिली अडचण : मधला बोल्ट

पुली क्रँकला एका मोठ्या मध्यवर्ती बोल्टने धरलेली असते. अनेक गाड्यांत हा बोल्ट 100 न्यूटन-मीटरपेक्षा (न्यूटन-मीटर हे फिरवण्याच्या जोराचे, म्हणजे टॉर्कचे, एकक) बराच जास्त आवळलेला असतो, आणि गंजामुळे सोडवताना त्याहूनही अधिक जोर लागतो. अर्ध्या इंची रॅचेटच्या साधारण 30 सेंटिमीटर लांब दांड्यावर 40 किलोंचा जोर दिला तर जेमतेम 118 न्यूटन-मीटर मिळतात. तोच जोर एक मीटर पाईपच्या टोकाला दिला तर जवळपास 390 मिळतात. पाईप लावण्यामागचे गणित एवढेच आहे, आणि ते बरोबरही आहे. मात्र बोल्टला मिळणारा प्रत्येक न्यूटन-मीटर क्रँकलाही फिरवू पाहतो, त्यामुळे क्रँक कशाने धरून ठेवायचा हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

भाच्याने गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकली आणि सरांनी ब्रेक दाबून धरला. मॅन्युअल गिअरच्या गाडीत ही पद्धत चालते, कारण वरच्या गिअरमध्ये चाकांना क्रँक धरून ठेवणे सोपे जाते. तरीही गिअर, क्लच आणि रबरी माउंटिंग यांच्यातला सैलपणा जोराचा काही भाग खातो. पाईप लावल्यावर इंजिन माउंटिंगवर हलत होते आणि बोल्ट जागचा ढळत नव्हता.

येथे पहिला खरा निर्णय घ्यावा लागला. ओळखीच्या एका मेकॅनिकने फोनवर सुचवले की दांडा जमिनीला टेकवून ठेवा आणि स्टार्टरचा एक झटका द्या, बोल्ट आपोआप सुटेल. ही युक्ती गॅरेजमध्ये चालते, हे खरे आहे. परंतु तिच्यासाठी इंजिन कोणत्या दिशेने फिरते याची खात्री हवी. पुलीच्या बाजूने पाहताना बहुतेक इंजिने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात, पण काही जुन्या जपानी इंजिनांची दिशा उलटी असते आणि तेथे हाच झटका बोल्ट अधिक आवळतो. शिवाय दांडा निसटला तर तो कोठे उडेल यावर कोणाचेही नियंत्रण नसते. सरांनी नकार दिला. माझ्या मते या सबंध प्रकरणातला सर्वांत समंजस निर्णय हाच होता, कारण त्या क्षणी बोल्ट काढण्याची घाई होती आणि सुचवलेला मार्ग सोपा होता.

त्याऐवजी बोल्टच्या डोक्याभोवती गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर तसेच ठेवले आणि दुसऱ्या दिवशी चाकांचे काम करणाऱ्या ओळखीच्या एका दुकानदाराकडून बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन आणली. गन लहान लहान ठोक्यांनी फिरवते. प्रत्येक ठोका इतका थोडा वेळ टिकतो की क्रँकच्या जडत्वामुळे तो फारसा फिरत नाही आणि जोर बोल्टच्या आट्यांवर उतरतो. काही सेकंदांत बोल्ट सुटला. ज्या इंजिनांत पुलीखालच्या टाइमिंग चाकाला चावी (चाक क्रँकवर फिरू न देणारा धातूचा लहान तुकडा) नसते आणि केवळ बोल्टच्या दाबावर टाइमिंग टिकलेले असते, तेथे बोल्ट ढिला करणे म्हणजे टाइमिंग हरवणे होय, हेही येथे सांगितले पाहिजे. या गाडीत चावी होती, आणि भाच्याने मॅन्युअलमधून त्याची खात्री आधीच करून घेतली होती.

दुसरी अडचण : पुली

बोल्ट निघाल्यावर काम संपले असे दोघांना वाटले, पण पुली हलेना. हाताने हलवून पाहिली, लाकडी ठोकळा लावून कडेवर हलके ठोके दिले, दोन बाजूंनी पेचकस घालून उचकटण्याचा प्रयत्न केला. पेचकस ज्या भागावर टेकत होते ते टाइमिंगचे झाकण प्लास्टिकचे आणि त्यामागचा ऑईल पंपाचा भाग ॲल्युमिनियमचा होता. झाकणाला चीर गेल्यावर तो प्रयत्न थांबवला.

मग तीन पायांचा पुलर, म्हणजे पुली ओढून काढण्याचे हत्यार, आणला गेला. त्याचे पाय पुलीच्या बाहेरच्या कडेला अडकवून मधला स्क्रू आवळला. थोडा वेळ सारे ताणले गेले, मग एक मऊ, ओढल्यासारखा आवाज आला आणि कड थोडी पुढे आली. भाचा आनंदाने म्हणाला, “मामा, हलली!”

बाहेरची कड तेवढी हललेली होती. अनेक गाड्यांत क्रँकची पुली एकसंध नसते. आत लोखंडी बॉस, त्याभोवती रबराचे कडे आणि त्यावर बाहेरची जड कड असे तीन थर असतात. सिलिंडर पेटताना क्रँकला बसणारे पिळाचे धक्के हे रबर शोषून घेते, म्हणून तिला डॅम्पर असेही म्हणतात. कडेला धरून ओढले की सगळा ताण रबरावर येतो, आणि बॉस मात्र क्रँकवर गंजाने घट्ट बसलेलाच राहतो. या पुलीचे रबर एका बाजूने सुटून बाहेर डोकावत होते.

याच संध्याकाळी मी तेथे पोहोचलो. सरांची बाजूच्या घरातल्या निवृत्त जॉबरशी चर्चा चालू होती. आयुष्यभर यंत्रमागांची दुरुस्ती केलेल्या या गृहस्थांना सारी गल्ली अण्णा म्हणते. मागाच्या मोटारीच्या आणि शाफ्टच्या पुल्या काढणे हे त्यांचे रोजचे काम होते. पुलर पाहून ते म्हणाले, “सर, कडेला धरून ओढायची नसती. बॉसला धरून ओढायची.” त्यांचे हे वाक्य ऐकल्यावर सरांनी पुलर काढून ठेवला आणि कामाची दिशा बदलली.

विचारात घेतलेले पर्याय

आता परिस्थिती थोडी बदललेली होती. रबर सुटल्यामुळे पुली बाद झाली होती, म्हणजे ती वाचवण्याची चिंता उरली नव्हती. तिच्यामागचा क्रँक, त्याचे आटे, पुढचे ऑईल सील (क्रँकभोवती तेल गळू न देणारे रबरी कडे) आणि ॲल्युमिनियमचा भाग मात्र वाचवायलाच हवा होता. काय गमावले तर चालेल आणि काय गमावून चालणार नाही, ही विभागणी सरांनी एका कागदावर लिहून काढली, आणि प्रत्येक पर्याय तिच्या कसोटीवर तपासला.

गॅस कटरने बॉस तापवावा असे एक मत होते. तापलेला बॉस प्रसरण पावतो आणि पकड सोडतो, हे तत्त्व योग्य आहे. परंतु ऑईल सील बॉसच्या अगदी मागे असते. नायट्रायल रबराचे सील साधारण 100 ते 120 अंश सेल्सिअसच्या पुढे फार काळ टिकत नाही, आणि लोखंडातली गंजाची पकड सोडवायला त्याहून बरेच जास्त तापमान लागते. त्यातच पुलीचे रबर जळण्याचा आणि आसपासच्या तेलकट भागाला आग लागण्याचा धोका होता. सील नाही तरी बदलायचेच आहे, असा युक्तिवाद भाच्याने केला, आणि तो चुकीचा नव्हता. तरीही चाकाच्या पोकळीत, पेट्रोलच्या गाडीखाली उघडी ज्योत नको, यावर अण्णांनी आणि मीही ठाम मत दिले.

ग्राइंडरने बॉस कापावा, हा दुसरा पर्याय. पुली बाद असल्याने तो आकर्षक वाटत होता. पण बॉसच्या जाडीत किती खोल गेल्यावर क्रँक लागेल हे बाहेरून दिसत नाही, आणि क्रँकवर ग्राइंडरचा एक ओरखडा म्हणजे इंजिन उघडण्याचे काम. हा पर्याय शेवटचा म्हणून राखून ठेवला.

मोठ्या हातोड्याने क्रँकच्या टोकावर घाव घालण्याची सूचना गल्लीतून आली होती. तिच्यावर चर्चा करण्याची गरज पडली नाही. असा घाव सरळ क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर, म्हणजे क्रँकला पुढेमागे सरकू न देणाऱ्या बेअरिंगवर, उतरतो.

गाडी ओढून गॅरेजला नेणे हा प्रामाणिक पर्याय होता आणि मी तोच सुचवला होता. सरांना त्या आठवड्यात लातूरला एका लग्नाला गाडीने जायचे होते, आणि हीच मुदत सगळ्यांना घाई करायला लावत होती. सरांनी त्या दिवशी एक गोष्ट केली ती मला फार मोलाची वाटते. त्यांनी लग्नाला एसटीने जायचे ठरवले आणि घरी तसे सांगूनही टाकले. मुदत गेली आणि तिच्याबरोबर दबावही गेला. त्यानंतरच अण्णांचा पर्याय, म्हणजे बॉसला धरून ओढणारी पट्टी लेथवर करून घेणे, शांतपणे विचारात घेता आला.

प्रत्यक्ष कृती

बॉसच्या तोंडावर समोरासमोर दोन लहान भोके होती. क्षार आणि गंजाने ती इतकी बुजली होती की आधी कोणाच्या लक्षातच आली नव्हती. ती कारखान्यानेच पुलर लावण्यासाठी दिलेली आट्यांची भोके होती. सुईने खरवडल्यावर आटे दिसले. मोजमाप घेण्यासाठी अण्णांनी बॉसवर कागद दाबून त्यावर पेन्सिल घासली. भोकांचे आणि मधल्या छिद्राचे ठसे कागदावर उमटले आणि व्हर्नियरने त्यांतले अंतर मोजता आले. 8 मिमीचा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) हळूहळू, तेल सोडत, अर्धा आटा पुढे आणि पाव आटा मागे असा फिरवून भोके साफ केली.

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील एका टर्नरने 12 मिमी जाडीच्या लोखंडी पट्टीत दोन भोके आणि मध्ये 16 मिमीचे आटे करून दिले. दोन भोकांतून बोल्ट बॉसमध्ये बसवायचे आणि मधला स्क्रू क्रँकच्या टोकावर दाबत आवळायचा, म्हणजे पट्टी बॉसला बाहेर ओढते. त्याच्याकडून आणखी एक वस्तू करून घेतली, आणि माझ्या मते पट्टीपेक्षा तीच अधिक महत्त्वाची ठरली. ती म्हणजे मऊ लोखंडाची एक गुंडी. तिचा बारीक देठ क्रँकच्या मधल्या छिद्रात सैल बसत होता आणि तिची सपाट टोपी क्रँकच्या टोकावर टेकत होती. टोपीचा व्यास बॉसच्या भोकापेक्षा किंचित कमी ठेवला होता, म्हणजे पुली तिच्यावरून सरकून बाहेर येऊ शकेल. ही गुंडी नसती तर ओढणाऱ्या स्क्रूचे टोक सरळ क्रँकच्या आट्यांत घुसले असते, आणि आटे गेले की नवा बोल्ट धरायला काही उरत नाही.

किती आवळायचे, याचा हिशेब आधीच केला होता. 16 मिमीच्या स्क्रूवर 100 न्यूटन-मीटर लावले तर घर्षण धरूनही साधारण तीन टनांची ओढ तयार होते. 8.8 दर्जाचा (ही बोल्टच्या मजबुतीची खूण) 8 मिमीचा एक बोल्ट साधारण दोन टनांपर्यंतचा ताण कायमचा न लांबता सोसतो. दोन बोल्ट म्हणजे चार टन, आणि दोघांवर भार सारखा पडला तरच. म्हणून स्क्रू टॉर्क पान्यानेच (ठरवलेला जोर आला की क्लिक करणाऱ्या पान्याने) आवळायचा आणि 100 न्यूटन-मीटरच्या पुढे जायचे नाही, अशी मर्यादा ठरवली. दोन्ही बोल्ट प्रत्येकी आठ आटे, म्हणजे सव्वा मिमीच्या आट्याप्रमाणे 10 मिमी आत गेल्याची खात्री केली.

काम संध्याकाळी केले, कारण मे महिन्यात सोलापुरात दुपारी पारा 40 अंशांच्या वर असतो आणि उन्हात तापलेल्या पान्याला हात लावणेही अवघड होते. गाडी जॅकवर न ठेवता दोन घोड्यांवर (लोखंडी आधारांवर) टेकवली आणि मागच्या चाकांना दगड लावले. बॉस आणि क्रँकच्या फटीत तेल सोडले. पट्टी बॉसला समांतर राहील याची दोन्ही बाजूंनी पट्टीमापाने खात्री केली, आणि स्क्रू 60, मग 80 न्यूटन-मीटरवर आणला. काहीच झाले नाही. अण्णांनी स्क्रूच्या डोक्यावर तांब्याच्या लहान हातोडीने हलके ठोके द्यायला सुरुवात केली. त्यांचा उद्देश ताणाखाली असलेली गंजाची पकड हादरवण्याचा होता, म्हणून ठोके इतके हलके होते की ते मनगटातून येत होते. मग 90. पुन्हा ठोके. नंतर सगळ्यांनी हात काढून घेतले आणि ताण तसाच ठेवून रात्रभर थांबायचे ठरवले.

थांबण्याचा हा निर्णय भाच्याला पटला नव्हता. अजून 10 न्यूटन-मीटर शिल्लक आहेत, ते आत्ताच वापरू, असे तो म्हणत होता. पण ताणाखालच्या फटीत तेल शिरायला वेळ लागतो, आणि अंधारात, थकलेल्या हातांनी मर्यादेच्या टोकापर्यंत जाण्यात काही लाभ नव्हता. सकाळी पाहिले तर टॉर्क पाना 90 वर क्लिक न करता थोडा फिरला, म्हणजे स्क्रूवरचा ताण काहीसा उतरला होता. बॉस किंचित सरकला असावा. पुन्हा 90, पुन्हा हलके ठोके, आणि टक् असा कोरडा, स्पष्ट आवाज होऊन बॉस सुमारे एक मिलिमीटर बाहेर आला. त्यानंतर तो सहज निघाला.

निष्पत्ती

क्रँकच्या टोकावर गंजाचे खडबडीत डाग होते, पण खोल खड्डे नव्हते. अर्धचंद्राकृती चावीची एक कड थोडी दबलेली होती, म्हणून ती बदलली. क्रँकचे आटे शाबूत होते. ऑईल सीलच्या ओठाने क्रँकवर बारीक चर पाडली होती. नवे सील तिच्याच जागी न बसवता थोडे अलीकडे बसवले, म्हणजे नवा ओठ चरीवर न येता गुळगुळीत भागावर टेकतो.

टाइमिंग बेल्ट आणि पंप बदलताना क्रँक आणि कॅम या दोन्हींच्या खुणा जुळवून, बेल्ट बसल्यावर क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासल्या. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो, म्हणून एका फेऱ्याची तपासणी अपुरी असते. नवी पुली बसवताना तिला ठोकले नाही. क्रँकचे टोक बारीक पॉलिश पेपरने पुसून त्यावर तेलाचा अगदी पातळ हात दिला. मूळ बोल्ट आखूड असल्याने सुरुवातीला त्याचे फार थोडे आटे धरतात, आणि त्यांच्यावर पुली ओढली तर ते जाऊ शकतात. म्हणून त्याच मापाचा आटेदार लांब दांडा क्रँकमध्ये पूर्ण आत फिरवून, त्यावरच्या नटने पुली जागेवर ओढून घेतली आणि मग नवा बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळला. इम्पॅक्ट गन या वेळी बाजूला ठेवली होती. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी न घालता डिस्टिल्ड पाण्यातला योग्य प्रमाणाचा कूलंट भरला.

गाडी व्यवस्थित सुरू झाली. जुन्या पुलीच्या काळात रिकाम्या चालीवर जाणवणारी थरथरही कमी झाली. तिचे रबर पुलर लागण्याच्या आधीपासूनच कडक झालेले असावे, असा माझा अंदाज आहे.

वेगळे काय करता आले असते

पुलरचे पाय कडेला लावण्याआधी पुलीची रचना पाहिली असती, तर ती बहुधा वाचली असती. बॉस आणि कड यांच्यामध्ये रबराचे काळे वर्तुळ दिसते का, हे हातातल्या टॉर्चने पाहता येते. दिसले तर कडेला पुलर लावायचा नाही. बॉस, रबर आणि कड यांवरून खडूने एक सरळ रेघ ओढून ठेवली, तर कड बॉसवर फिरली किंवा सरकली की ती रेघ तुटलेली दिसते, आणि पुढचा जोर देण्याआधी थांबता येते.

बॉसवरची आट्यांची भोके सुरुवातीलाच शोधायला हवी होती. त्यासाठी आधी तारेच्या ब्रशने क्षार साफ करावे लागतात, आणि ही सफाई बोल्टला हात लावण्यापूर्वीच करणे योग्य. पांढरा थर दिसताच, येथे पाणी झिरपले आहे आणि गंज आतपर्यंत गेलेला असणार, असे धरून चालले असते, तर तेल बोल्टच्या डोक्यावर आणि बॉसच्या फटीत एकाच रात्री सोडता आले असते.

गॅरेजला नेण्याचा माझा सल्ला मला आजही चुकीचा वाटत नाही. अण्णांसारखा माणूस बाजूला नसता आणि लेथवर हवी तशी पट्टी करून देणारा टर्नर शहरात नसता, तर सरांनी तोच मार्ग घ्यायला हवा होता. घरी काम करायचे असेल, तर गाडी अडकून पडली तरी चालेल अशी सोय काम सुरू करण्याआधीच करावी. सरांनी ती सोय पुली बाद झाल्यावर केली. पहिल्याच दिवशी एसटीचे ठरले असते, तर दोघांनी तीन पायांचा पुलर इतक्या घाईने लावला नसता, असे मला वाटते.

पट्टी आणि गुंडी आता अण्णांकडे आहेत. पट्टीवर त्यांनी दोन भोकांतले अंतर पंचने ठोकून ठेवले आहे. दुसऱ्या गाडीच्या पुलीसाठी कोणी ती मागायला आला, तर ते आधी त्याच्याकडून बॉसवर घासलेला कागद मागतात.